काढलेल्या पिशवीतला नखाएवढा तुकडा जिवंत ठेवा

प्रति,
बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांचे मा. अधिष्ठाता,
तेथील स्त्रीरोग आणि विकृतिशास्त्र विभागांचे प्रमुख,
तसेच संस्थात्मक नैतिकता समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस

विषय : शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशय व नळ्यांच्या ऊतींचा छोटा भाग, रुग्णेच्या संमतीने, ऑर्गनॉइड वाढवण्यासाठी जिवंत राखण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी विकृतिशास्त्राची, म्हणजे रुग्णालयात ज्याला सगळे पॅथॉलॉजी म्हणतात त्या विषयाची डॉक्टर आहे. गेली २२ वर्षे मुंबईत हेच काम करते आहे. आपल्याकडे येणारी प्रत्येक बाई ज्याला ‘पिशवी’ म्हणते ते गर्भाशय ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, प्लास्टिकच्या डब्यात, फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रवात बुडवून माझ्या टेबलावर येते. डब्यावर नाव, वय, नोंदणी क्रमांक आणि एका ओळीत शस्त्रक्रियेचे कारण लिहिलेले असते. मी वजन घेते, लांबी-रुंदी मोजते, मधोमध चिरून पुस्तकासारखे उघडते आणि आतले अस्तर पाहते. नियमाने घ्यायचे तुकडे आणि जिथे शंका येते तिथले तुकडे तपासणीसाठी कॅसेट नावाच्या छोट्या डब्यांत जातात. उरलेला अवयव ठरावीक मुदतीपर्यंत डब्यात राहतो आणि अहवाल गेल्यावर जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो. हे सगळे नियमाला धरून होते आणि त्यात कोणाचा दोष नाही.

तरीही एक डबा माझ्या मनातून जात नाही. पावसाळ्यातली दुपार होती, वय ३१ लिहिलेले होते आणि कारण होते ‘अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे’. पिशवी आकाराने नेहमीची होती, गाठ नव्हती, अस्तर गुलाबी आणि सलग होते. मी अहवालात लिहिले की अस्तर पाळीच्या उत्तरार्धातले आहे, अन्य विकृती आढळली नाही. वाक्य खरे होते, पण त्या बाईचे दुखणेही खरेच असणार, आणि या दोन खऱ्या गोष्टींची सांगड घालण्याचे कोणतेही साधन माझ्या हातात नव्हते. फॉर्मॅलिनमध्ये पेशी जिथल्या तिथे थिजतात. त्यांची रचना दिसते, वागणूक दिसत नाही. संप्रेरकाचा थेंब मिळाल्यावर या बाईचे अस्तर इतरांच्या अस्तरापेक्षा काही वेगळे करत होते का, हे मेलेल्या पेशीला विचारता येत नाही.

जिवंत पेशीला ते विचारता येते, आणि ते कसे विचारायचे हे आता जगाला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र.

ऑर्गनॉइड म्हणजे अवयवाच्या मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली त्याची सूक्ष्म त्रिमितीय प्रतिकृती. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००९ मध्ये आतड्याच्या मूळ पेशींपासून अशा प्रतिकृती वाढवून दाखवल्या आणि पुढे एकेका अवयवाची पाळी आली. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बीजवाहिनीच्या, म्हणजे आपण ज्यांना नळ्या म्हणतो त्यांच्या अस्तराचे ऑर्गनॉइड वाढवले. २०१७ मध्ये केंब्रिज आणि बेल्जियममधले लुव्हेन अशा दोन ठिकाणच्या गटांनी गर्भाशयाच्या अस्तराचे ऑर्गनॉइड तयार केले. त्यानंतर अपरेच्या, म्हणजे वारेच्या, आरंभीच्या पेशी, गर्भाशयमुख आणि अंडाशयाचा कर्करोग यांचेही ऑर्गनॉइड झाले.

पद्धत ऐकायला अवघड वाटते, पण तिच्यातली प्रत्येक पायरी आपल्या तंत्रज्ञांच्या आवाक्यातली आहे. अस्तराचा ताजा तुकडा थंड पोषकद्रवात घालून आणायचा, बारीक चिरायचा, विकराने (एन्झाइमने) सैल करायचा आणि चाळणीने ग्रंथींचे तुकडे वेगळे करायचे. मग ते एका जेलमध्ये कालवायचे. हे जेल बर्फावर पातळ असते आणि ३७ अंशांना थिजते, त्यामुळे त्याचे थेंब ताटलीत ठेवून ऊबेत नेले की घुमटासारखे बसतात. त्यावर वाढीला लागणारे घटक असलेला द्रव घालायचा आणि तो ठरावीक दिवसांनी बदलत राहायचे. आठवड्याभरात पोकळ गोळे दिसू लागतात. ते फोडून पुन्हा वाढवता येतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून वर्षानुवर्षे जपताही येतात.

एका संशोधन संस्थेत मी ते पहिल्यांदा पाहिले. नुसत्या डोळ्यांना खसखशीच्या दाण्याहून लहान ठिपके दिसत होते, पण भिंगाखाली तेच भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक, कडेला पेशींची एक नीट ओळ आणि मध्ये पोकळी असे होते. शेजारच्या ताटलीत, हे गोळे ज्या बाईचे होते तिच्याच पेशींना इस्ट्रोजेनपाठोपाठ प्रोजेस्टेरॉन दिलेले होते. तिथल्या भिंती जाड झाल्या होत्या, घड्या पडल्या होत्या आणि पोकळीत स्राव साचला होता. आयुष्यभर ज्याच्या थिजलेल्या चिपा पाहिल्या ते अस्तर माझ्यासमोर पाळीच्या उत्तरार्धात शिरत होते. मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नाही.

हे इतके मोलाचे का, याचे एक कारण उंदीर आहे. आपले बहुतेक वैद्यकीय ज्ञान प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आले, पण प्रयोगशाळेतल्या उंदराला पाळी येत नाही. पाळी येते ती माणसाला, काही माकडांना, काही वटवाघळांना आणि अगदी मोजक्या इतर प्राण्यांना. काटेरी उंदराची एक जात अपवाद म्हणून अलीकडे सापडली. ज्या प्राण्याचे अस्तर दर महिन्याला गळून पुन्हा उभे राहतच नाही, त्याच्यात पाळीचे आजार शोधायचे म्हणजे आधी ते आजार त्याच्यात कृत्रिमपणे घडवावे लागतात. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०१७ मध्ये उंदराचे अंडाशय आणि माणसाच्या नळी, गर्भाशय, गर्भाशयमुख व यकृताच्या ऊती एकाच उपकरणात जोडून २८ दिवसांचे संप्रेरक-चक्र चालवले गेले, तेव्हा स्त्रीच्या शरीराचा अभ्यास स्त्रीच्याच पेशींवर करण्याची दिशा स्पष्ट झाली. आपल्या कायद्यानेही हे मान्य केले आहे. नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांत मार्च २०२३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइड आणि तत्सम पद्धतींनी मिळालेल्या पुराव्याला जागा दिली. दार उघडे आहे, आता आत न्यायला ऊती हव्यात.

एंडोमेट्रिओसिसचे उदाहरण मी माझ्या घरातून देते. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, आतड्यावर, ओटीपोटाच्या पडद्यावर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के मुली आणि स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना तो असतो. माझ्या धाकट्या बहिणीला पंधराव्या वर्षापासून पाळीत असह्य कळा यायच्या. आमची आई, जी एरवी कोणाचे दुखणे अंगावर काढू द्यायची नाही, तीसुद्धा म्हणायची, ‘लग्न झालं की थांबेल.’ लग्न झाले, तेव्हा सगळे म्हणू लागले, ‘एक बाळंतपण झालं की थांबेल.’ मध्ये एका रुग्णालयात तिचे अपेंडिक्स काढले; ते निरोगी होते. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात होणारी जुन्या रक्ताची गाठ, सोनोग्राफीत दिसली तेव्हा ती ३२ वर्षांची होती. घरात पॅथॉलॉजिस्ट असताना हे झाले, याचे मला आजही वाईट वाटते. निदानाला वर्षानुवर्षे लागणे ही या आजाराची जगभरची कहाणी आहे, कारण रक्ताची एखादी साधी, खात्रीची तपासणी अजून हाती नाही, आणि ती नाही कारण हा आजार सुरू कसा होतो हेच नीट उलगडलेले नाही.

लुव्हेनच्या गटाने २०१९ मध्ये एंडोमेट्रिओसिसच्या जखमांपासून आणि त्याच आजाराच्या रुग्णांच्या गर्भाशयातल्या अस्तरापासून ऑर्गनॉइड वाढवले आणि मूळ आजाराच्या खुणा त्यांत टिकून राहतात हे दाखवले. याचा अर्थ असा की एखादीच्या आजाराचा नमुना शस्त्रक्रियेनंतरही जिवंत राहतो आणि त्याच्यावर औषधे पारखून पाहता येतात. २०२१ मध्ये केंब्रिजहून आणखी एक गोष्ट आली, जी मला आपल्या समाजासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते : पाळीच्या स्रावातूनच अस्तराचे ऑर्गनॉइड वाढवता येतात. पाळीच्या कपात गोळा झालेला स्राव पुरतो. चिरफाड नाही, आतून तपासणी नाही, भूल नाही. सोळा-सतरा वर्षांच्या अविवाहित मुलीची आतून तपासणी करायला आपल्याकडे आई धजावत नाही, आणि डॉक्टरही शक्यतो टाळतात. ‘कावळा शिवला’ म्हणून जिला कोपऱ्यात बसवत, तिच्या त्याच रक्तात तिच्या दुखण्याचे उत्तर शोधण्याची सोय आता झाली आहे.

आपण विचाराल की युरोप-अमेरिकेत हे काम जोरात चालू आहे, तर त्यांचे निष्कर्ष आपण वाचावेत, मुंबईत वेगळी ऊती जमवण्याचा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे माझे उत्तर क्षय हे आहे.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. फुप्फुसातला जंतू रक्तावाटे नळ्यांपर्यंत पोहोचतो आणि तिथे वर्षानुवर्षे गुपचूप बसतो. जननेंद्रियांच्या क्षयात नळ्या जवळजवळ नेहमीच बाधित होतात, गर्भाशयाचे अस्तरही अनेकदा बाधित होते. ताप नाही, खोकला नाही. बाईला कळते ते लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर. अस्तराच्या तुकड्यात जंतू इतके थोडे असतात की मी चार चार काप पाहूनही क्षयाची गाठ सापडत नाही, कल्चर उगवत नाही आणि जनुकीय तपासणीच्या एका होकारावर सहा महिन्यांची औषधे द्यावीत की नाही हा पेच स्त्रीरोगतज्ज्ञापुढे उभा राहतो. औषधांनी जंतू मरतो, पण नळीच्या अस्तरावरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू, जे बीजाला पुढे ढकलतात, ते पुन्हा का उगवत नाहीत, आणि गर्भाशयाचे अस्तर पातळच का राहते, हे सांगता येत नाही. हा आजार उट्रेक्टच्या किंवा केंब्रिजच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसत नाही. धारावी, गोवंडी, मालवणीतून येणाऱ्या बायकांत तो दिसतो. बर्लिनच्या गटाने नळीचे ऑर्गनॉइड वाढवल्यावर क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूच्या संसर्गाचा अभ्यास केला, कारण तो त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आमच्यापुढचा प्रश्न आमच्याशिवाय कोण हाती घेणार?

यातली अडचण मी लपवत नाही. क्षयाच्या जिवंत जंतूंवर काम करायला उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, आणि क्षयाची गाठ रोगप्रतिकारक पेशींनी बनते, ज्या नुसत्या अस्तराच्या ऑर्गनॉइडमध्ये नसतात. पण आजारातून उठलेल्या बाईच्या नळीच्या पेशी निरोगी बाईच्या पेशींइतके तंतू पुन्हा उगवतात का, एवढा एक प्रश्न जंतूशिवायही विचारता येतो, आणि त्याचे उत्तर मिळाले तरी मूल होईल की नाही हे विचारायला येणाऱ्या जोडप्याला आज आम्ही जे सांगतो त्यापेक्षा अधिक काही सांगता येईल.

निरोगी नळीचा नमुना मिळवणे जगात सर्वत्र कठीण जाते, कारण धडधाकट बाईची नळी कोण काढेल? आपल्याकडे मात्र कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत छोटा छेद घेऊन नळी बांधतात तेव्हा तिचा सेंटिमीटरभर तुकडा कापला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचे आढळले. या तुकड्यांना एक मर्यादा आहे : ते नळीच्या मधल्या भागातले असतात, आणि अंडाशयाचा सर्वांत घातक, सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग बहुधा सुरू होतो तो नळीच्या टोकाच्या झालरीत. ती झालर गर्भाशयाबरोबर नळ्या काढल्या जातात तेव्हा मिळते. म्हणजे दोन्ही शस्त्रक्रियांतली ऊती मिळून एक पूर्ण चित्र होते, आणि दोन्ही आपल्या रुग्णालयांत नित्याच्या आहेत. प्रसूतीनंतर लगेच शस्त्रक्रियेला तयार झालेल्या थकलेल्या बाईकडून संमती घेताना विशेष जपावे लागेल. तिथे घाई झालेली मला चालणार नाही, आणि नैतिकता समितीलाही चालू नये.

या सगळ्यामागे माझ्या मनात बीडच्या ऊसतोड कामगार बायका आहेत. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी आकडेवारी आली तीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, पुढे कॅन्सर होईल, अशा भीतीपोटी आणि पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही म्हणून ऐन तिशीत पिशव्या काढल्या गेल्या. तो प्रश्न मुकादमाच्या उचलीचा, दंडाचा आणि काही डॉक्टरांच्या लोभाचा आहे; ऑर्गनॉइडने तो सुटणार नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण त्या चर्चेच्या दिवसांत मला सतत वाटत होते की एखादा अवयव आपण इतक्या सहज काढतो आणि त्याचा अभ्यास इतका कमी करतो, या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. ज्या दुखण्याला डॉक्टरकडे नाव नसते, उपाय नसतो, तिथे ‘काढून टाका’ हे उत्तर फार लवकर तोंडावर येते.

ऑर्गनॉइडच्या मर्यादा मी स्पष्टच लिहिते, म्हणजे समितीतल्या कोणी पुढे असे म्हणू नये की उत्साहाच्या भरात त्या दडवल्या. अस्तराचा ऑर्गनॉइड म्हणजे गर्भाशय नव्हे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, स्नायू नाही, रोगप्रतिकारक पेशी नाहीत, आणि त्याला पाळी येत नाही. संप्रेरक काढून घेतले की पेशी प्रतिसाद देतात, रक्तस्राव होत नाही. अस्तराखालच्या आधारपेशी सोबत वाढवून ही उणीव भरण्याचे काम काही गटांनी पुढे नेले आहे. नेहमी वापरले जाणारे मॅट्रिजेल हे जेल उंदराच्या अर्बुदापासून (ट्यूमरपासून) काढतात, प्रत्येक खेपेला ते थोडे वेगळे निघते, ते आयात करावे लागते आणि महाग असते. अमेरिकेतल्या एमआयटीत लिंडा ग्रिफिथ, ज्यांनी स्वतः एंडोमेट्रिओसिस सोसला आहे, कृत्रिम जेलवर अस्तर वाढवण्याचे काम करतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला किंवा पवईच्या आयआयटीला असे जेल इथे बनवणे अशक्य नाही, फक्त त्यांच्यापुढे ऊती घेऊन जाणारे कोणी हवे. आणि कर्करोगाच्या ऑर्गनॉइडवर औषध पारखून रुग्णाला द्यायचे, हे अजून रोजच्या उपचारात आणण्याइतके सिद्ध झालेले नाही. आपल्या रुग्णांना तसे आश्वासन कोणीही देऊ नये.

आता मुंबईबद्दल. परळमध्ये आचार्य दोंदे मार्गावर केईएम आहे, वाडिया प्रसूतिगृह आहे, जवळच टाटा स्मारक रुग्णालय आहे, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था पायी जाण्याच्या अंतरावर आहे. देशात दुसरीकडे इतक्या बायकांची ऊती आणि ती जाणणारी इतकी माणसे एवढ्याशा जागेत असतील असे मला वाटत नाही. त्या संस्थेचे नाव ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’ होते तेव्हा, ६ ऑगस्ट १९८६ रोजी, केईएममध्ये देशातल्या पहिल्या वैज्ञानिक नोंद असलेल्या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या, संस्थेत डॉ. टी. सी. आनंद कुमार होते, आणि एका महापालिका रुग्णालयाने संशोधन संस्थेच्या हातात हात घालून हे केले. पुढे आनंद कुमार यांनीच कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांचे कागद तपासून सांगितले की १९७८ मध्ये हे काम मुखर्जींनी आधी केले होते. मुखर्जींचे काम सरकारने नेमलेल्या समितीने नाकारले होते. समित्यांच्या हातात किती असते, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

संमतीचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तोच सर्वांत मोठा आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून तिला न विचारता पेशी घेतल्या गेल्या. ‘हेला’ नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतात, आणि तिच्या कुटुंबाला कित्येक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. टाटा स्मारकाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांमध्ये, आरोग्यसेविकांकडून व्हिनेगरसारख्या पातळ आम्लाने गर्भाशयमुखाची तपासणी करण्याचा अभ्यास केला आणि या साध्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होतात हे सिद्ध झाले. गरीब देशांसाठी हे फार मोठे ज्ञान होते, आणि ते मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांनी दिले. त्याच अभ्यासात तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांना पुरेशी माहिती दिली होती का, यावर पुढे वादही झाला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच आपण पाऊल टाकायला हवे.

वॉर्डात संमती कशी घेतली जाते हे आपण सगळे जाणतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रेसिडेंट केसपेपर पुढे करतो, ‘ताई, इथे सही करा,’ म्हणतो, आणि ताई सही करते किंवा अंगठा उठवते. ऑर्गनॉइडसाठीची संमती अशी घेता येणार नाही. ती शस्त्रक्रियेच्या संमतीपासून वेगळ्या कागदावर, सोप्या मराठीत, हिंदीत आणि उर्दूत हवी, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने नव्हे तर वैद्यकीय समाजसेवकाने, नवरा-सासू बाजूला नसताना, समजावून घ्यायला हवी. बाईला हे कळले पाहिजे की तिच्या पेशी तिच्या शरीराबाहेर वर्षानुवर्षे जिवंत राहतील, त्यापासून मूल होणार नाही, तिचे नाव त्यांच्यासोबत जाणार नाही, नाही म्हटल्याने तिच्या उपचारात तसूभर फरक पडणार नाही, आणि पुढे मन बदलले तर साठवलेला नमुना नष्ट करण्यास ती सांगू शकते. एखाद्या कंपनीला यातून उत्पन्न झाले तर त्यातला वाटा कोणाकडे जाईल, हेही आधीच लिहिलेले असावे. माझ्या मते तो त्याच रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागाकडे यावा. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांच्या साठवणीचे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे आपल्याला कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायची नाही.

माझे मागणे यापुढे फार थोडे उरते. गर्भाशय आणि नळ्यांच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांपैकी ज्या बायकांनी संमती दिली आहे त्यांचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये न घालता ताजे, बर्फाच्या पेटीत, अर्ध्या तासात पॅथॉलॉजीत यावेत. तिथे पॅथॉलॉजिस्टने आधी निदानाला लागणारे सगळे बाजूला काढावे, कारण रुग्णेच्या अहवालाला धक्का लावून केलेले संशोधन मला मान्य नाही, आणि मगच नखाएवढा तुकडा पोषकद्रवाच्या नळीत घालावा. ती नळी त्याच दिवशी संशोधन संस्थेत पोहोचावी. ओटीतले मामा आणि मावशी, जे आज डबे घेऊन येतात, त्यांनाच या पेटीचे महत्त्व समजावले आणि या कामाचा मोबदला दिला तर ही साखळी तुटणार नाही. ते काम कागदावर कोणाचेच नसेल तर पेटी दुपारपर्यंत कॉरिडॉरमध्ये पडून राहील, हे मी २२ वर्षांच्या अनुभवाने सांगते. सुरुवात एका रुग्णालयाने, एका युनिटने, आठवड्यातल्या एका ओटीच्या दिवसाने केली तरी पुरे. पहिल्या वर्षात क्षयातून बऱ्या झालेल्या आणि एंडोमेट्रिओसिस असलेल्या रुग्णांना प्राधान्य द्यावे असे मला वाटते, पण त्याचा निर्णय स्त्रीरोग विभागाने घ्यावा.

संमतीपत्राचा मराठी मसुदा मी तयार केला आहे आणि वॉर्डातल्या सहा बायकांना तो वाचून दाखवून, त्यांना न कळलेली वाक्ये बदलली आहेत. त्यांतल्या एकीने, जिची पिशवी दुसऱ्या दिवशी काढायची होती, विचारले, ‘म्हणजे माझं दुखणं कशामुळे होतं ते तुम्हाला कळेल?’ मी तिला सांगितले की कदाचित तुला नाही कळणार, पण तुझ्या मुलीच्या वेळेला कळलेले असेल. तिने तो कागद पुन्हा एकदा, सावकाश, बोट ठेवून वाचला. नैतिकता समितीच्या पुढच्या बैठकीत मला १५ मिनिटे मिळाली तर तो मसुदा, नमुन्यांच्या वाहतुकीची लेखी पद्धत आणि एका वर्षाच्या खर्चाचा अंदाज घेऊन मी येते. तारीख आणि वेळ कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
मुंबईतील एक पॅथॉलॉजिस्ट